सर्व्हरसाठी हार्डवेअर रेड निवडताना: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

नवा सर्व्हर घ्यायची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा कोटेशनमधली एक ओळ हमखास अडवते: रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड. तिच्याखाली चार-पाच पर्याय असतात. प्रत्येकासमोर कॅशचा (कार्डावरच्या मेमरीचा) आकडा, पोर्टांची संख्या आणि रेड ०, १, ५, ६, १०, ५०, ६० अशी लांबलचक माळ. नवखा माणूस साहजिकच वेग आणि मिळणारी जागा बघतो. माझा आग्रह वेगळा आहे. एखादी डिस्क बंद पडेल किंवा भर कामात वीज जाईल, त्या दिवशी ही यंत्रणा कशी वागेल ते आधी विचारा. एरवी जवळपास सगळीच कार्डं नीट चालतात, फरक कळतो तो त्या दिवशी. खालची प्रत्येक पायरी याच प्रश्नातून आली आहे.

थोडी ओळख करून घेऊ. अनेक डिस्क एकत्र जोडायच्या आणि त्यांतली एखादी गेली तरी चालू राहील असा एकच मोठा साठा तयार करायचा, ही रेडची मूळ कल्पना. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून १९८८ साली मांडलेल्या शोधनिबंधामुळे हे नाव आणि १ ते ५ हे क्रमांक रूढ झाले. हे काम सर्व्हरचा मुख्य प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम करत असतील तर ते सॉफ्टवेअर रेड. स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचं फर्मवेअर (उपकरणातच भरलेलं, ते चालवणारं सॉफ्टवेअर) असलेलं वेगळं कार्ड ते करत असेल तर हार्डवेअर रेड. मग ऑपरेटिंग सिस्टीमला मागच्या आठ डिस्क दिसत नाहीत, कार्डाने बनवलेली एक आभासी डिस्क तेवढी दिसते.

पायरी १: आधी बॅकअपचं ठरवा

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरीही बॅकअपचा खर्च रेडच्या नावाखाली कापला जातो, म्हणून पहिल्याच पायरीला लिहितो. कुणी चुकून फोल्डर पुसलं तर रेड ते तत्परतेने सगळ्या डिस्कवरून पुसतं. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीही रेड तितक्याच निष्ठेने जपतं. रेडचं काम एकच: डिस्क गेली तरी सेवा चालू ठेवणं.

तेव्हा दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून घ्या. सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल? आणि शेवटच्या किती वेळातलं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? ज्या विभागाचं काम त्या सर्व्हरवर चालतं त्यांनाच हे विचारा. अर्धा दिवस बंद चालत असेल आणि बॅकअप परत आणून पाहिलेला असेल, तर साधी रचना पुरते. दहा मिनिटंही चालत नसतील तर एका सर्व्हरमधलं कितीही भारी रेड पुरणार नाही, दुसरा सर्व्हर लागेल. ही उत्तरं नसताना कार्ड निवडायला बसणं म्हणजे अंदाजपंचे खरेदी.

पायरी २: हार्डवेअर रेड हवंच आहे का?

काही ठिकाणी ते नकोच असतं. सर्व्हरवर झेडएफएस (ZFS) किंवा सेफ (Ceph) या डिस्कचा साठा स्वतः सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअर यंत्रणा चालवणार असाल तर हार्डवेअर रेड घेऊ नका. या दोन्ही यंत्रणांना प्रत्येक डिस्क थेट हातात हवी असते. खराब वाचन कुठे झालं, कोणत्या डिस्कने चूक केली, हे त्या स्वतः तपासतात आणि दुरुस्त करतात. मध्ये रेड कार्ड आलं की त्यांचे डोळेच झाकले जातात. तिथे साधं एचबीए कार्ड घ्या, जे डिस्क जशाच्या तशा पुढे देतं. अनेक कंट्रोलर दोन्ही पद्धतींनी चालतात, पण कोणत्या पद्धतीत चालू आहे हे नीट बघून घ्यावं लागतं.

उलट, व्हीएमवेअर ईएसएक्सआयसारख्या हायपरव्हायजरमध्ये (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्थानिक डिस्कसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर रेड नाही. तिथे हार्डवेअर रेड हाच सरळ मार्ग. विंडोज सर्व्हरवरही, विशेषतः देखभालीला जाणकार माणूस कायम हजर नसेल तर, हार्डवेअर रेडचा मोठा फायदा आहे: डिस्कवर लाल दिवा लागतो, ती ओढून काढायची, नवी सरकवायची, बाकीचं कार्ड बघतं. लिनक्सवर एमडीअ‍ॅडम हे सॉफ्टवेअर रेड अतिशय भरवशाचं आहे. केवळ दोन डिस्कची प्रत ठेवायची असेल तर त्यासाठी महागडं कार्ड घेण्याची गरज मला वाटत नाही.

एका तिसऱ्या प्रकारापासून मात्र सावध राहा. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘रेड’ असा पर्याय असतो. बऱ्याचदा त्यामागे वेगळा प्रोसेसर नसतो, कॅश नसते, सगळं काम ड्रायव्हर करतो. त्याला ‘फेक रेड’ म्हणतात ते उगाच नाही. हार्डवेअर रेडची किंमत मोजली नाही म्हणून त्याचं संरक्षणही मिळत नाही, आणि सॉफ्टवेअर रेडचा मोकळेपणाही हाती लागत नाही. महत्त्वाच्या सर्व्हरवर ते नको.

पायरी ३: कामाचं स्वरूप आकड्यांत मांडा

‘डेटाबेस आहे, फास्ट हवं’ एवढ्यावर थांबू नका. मोठ्या फाइली सलग लिहायच्या-वाचायच्या आहेत की लहान लहान नोंदी विखुरलेल्या जागी? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आणि बॅकअपचा साठा पहिल्या प्रकारात येतो, डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या. दुसऱ्या प्रकारात सेकंदाला किती वाचन-लेखन, म्हणजे आयओपीएस, हा आकडा निर्णायक असतो.

७२०० आरपीएमची हार्ड डिस्क विखुरलेल्या कामात साधारण ७५ ते १०० आयओपीएस देते. डिस्क मोठी झाली म्हणून हा आकडा वाढत नाही, कारण तबकडी तेवढ्याच वेगाने फिरते. आता लिहिण्याचा दंड बघा. रेड १० मध्ये एका लेखनासाठी दोन डिस्कवर लिहावं लागतं. रेड ५ मध्ये लहान लेखनासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली हिशोबाची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. रेड ६ मध्ये दोन पॅरिटी असल्याने सहा. ८० आयओपीएसच्या आठ डिस्क धरल्या तर वाचनासाठी एकूण ६४० मिळतात. निव्वळ लेखनासाठी मात्र रेड १० मध्ये ३२०, रेड ५ मध्ये १६० आणि रेड ६ मध्ये जेमतेम १०७. डिस्क त्याच, खोके तेच. कार्डाची कॅश हा फरक बराच झाकते, पण काम सतत चालू असेल तर कॅश भरते आणि खरा आकडा समोर येतो.

एसएसडी घेतली तर हे गणित हजारोंच्या घरात जातं आणि अनेक ठिकाणी प्रश्नच मिटतो. म्हणून डेटाबेससाठी आज फिरत्या डिस्क घेण्याआधी दोनदा विचार करा.

पायरी ४: पातळी निवडा, रीबिल्डकडे बघून

रेड ० मध्ये कसलंच संरक्षण नाही, ते इथे सोडून देऊ. रेड १ म्हणजे दोन डिस्कवर तीच प्रत. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी उत्तम. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते आणि एक डिस्क गेली तरी चालतं. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जागा जाते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० मध्ये निम्मी जागा जाते. तिथे प्रत्येक जोडीतली एक डिस्क गेली तरी चालतं, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर सगळं जातं. रेड ५० आणि ६० म्हणजे रेड ५ किंवा ६ चे अनेक गट एकत्र. डिस्कची संख्या बरीच वाढली की त्यांचा विचार करा.

हे सगळं कुठल्याही तक्त्यात मिळतं. तक्त्यात जे नसतं ते म्हणजे डिस्क गेल्यानंतरचे तास.

समजा १६ टेराबाइटची एक डिस्क गेली. नवी डिस्क सरकवली आणि कार्डाने उरलेल्या डिस्क वाचून तिच्यावर डेटा पुन्हा रचायला सुरुवात केली. हेच रीबिल्ड. नव्या डिस्कवर सेकंदाला २०० मेगाबाइट अखंड लिहिलं गेलं तरी ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे बावीस तासांहून अधिक. हा झाला सर्वांत चांगला दिवस. प्रत्यक्षात आतल्या ट्रॅकवर डिस्कचा वेग घटतो, सर्व्हरवर लोकांचं काम चालूच असतं, आणि रीबिल्ड कित्येक दिवसही चालू शकतं. या संपूर्ण काळात उरलेल्या सगळ्या डिस्क, ज्या बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या आणि तितक्याच जुन्या असतात, पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत वाचल्या जातात. कुठल्या तरी डिस्कवर कधीच न वाचलेल्या कोपऱ्यात एखादा खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) दडलेला असेल तर तो नेमका आत्ता उघडा पडतो.

रेड ५ मध्ये त्या क्षणी दुसरं संरक्षण शिल्लक नसतं. डिस्कच्या माहितीपत्रकात ‘वाचता न येणाऱ्या चुकां’चा दर छापलेला असतो. साध्या डेस्कटॉप डिस्कवर तो बहुधा १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक असा असतो, म्हणजे १२.५ टेराबाइट वाचनामागे एक. एंटरप्राइझ हार्ड डिस्कवर तो १० च्या १५ व्या घाताचा असतो, म्हणजे १२५ टेराबाइटमागे एक. हे आकडे उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा आहेत, तेवढं वाचल्यावर चूक होणारच असा त्यांचा अर्थ नाही. पण ४ टेराबाइटच्या सहा डिस्कच्या रेड ५ मध्ये एका रीबिल्डसाठी २० टेराबाइट वाचावे लागतात, हे त्यांच्या शेजारी ठेवून बघा. चूक आलीच तर आजची चांगली कार्डं सगळं रीबिल्ड थांबवत नाहीत. तेवढा पट्टा कायमचा खराब म्हणून खूण करून पुढे जातात. याला ‘पंक्चर’ म्हणतात. अ‍ॅरे (सगळ्या डिस्क मिळून बनलेला साठा) पुन्हा ‘ऑप्टिमल’ दिसतो, पण आत एखादी फाइल गेलेली असते, आणि ती कोणती हे कार्डाला सांगता येत नाही, कारण त्याला फाइली माहीतच नसतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या फिरत्या डिस्कवर रेड ५ करू नका. साठा हवा असेल तर रेड ६, वेग हवा असेल तर रेड १०. रेड १० चं रीबिल्ड हलकं असतं, कारण फक्त जोडीदार डिस्कची नक्कल करायची असते, बाकीच्यांना त्रास नाही. रेड ५ ला अजून जागा आहे ती लहान आकाराच्या चांगल्या एसएसडींवर, जिथे रीबिल्ड तासा-दोन तासांत आटोपतं आणि चुकांचा दरही कितीतरी कमी असतो. तिथेही बॅकअप पक्का असेल तरच.

जागेचा हिशोब करताना एक बारीक गोष्ट: उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात. १६ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये साधारण १४.५५ दिसते. कोटेशन मंजूर करून घेताना हे आधीच सांगून ठेवा.

पायरी ५: कॅश आणि तिचं रक्षण

माझ्या मते संपूर्ण खरेदीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच पैसे वाचवायला कापली जाते.

रेड कार्डावर स्वतःची मेमरी असते, १ ते ८ गिगाबाइटपर्यंत. लिहायचा डेटा आधी या मेमरीत येतो. इथे दोन पद्धती आहेत. ‘राइट-थ्रू’ मध्ये डिस्कवर प्रत्यक्ष लिहून झाल्यावरच कार्ड ‘झालं’ असं कळवतं. सुरक्षित, पण फिरत्या डिस्कच्या रेड ५-६ वर फार हळू. ‘राइट-बॅक’ मध्ये मेमरीत आलं की लगेच ‘झालं’ म्हणतं आणि डिस्कवर सवडीने, सोयीच्या क्रमाने लिहितं. वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण त्या मधल्या काळात वीज गेली तर? डेटाबेसच्या दृष्टीने व्यवहार पक्का झालेला असतो, आणि डिस्कवर त्याचा मागमूसही नसतो. पॅरिटी असलेल्या पातळ्यांमध्ये आणखी एक धोका आहे: डेटा लिहिला गेला पण पॅरिटी जुनीच राहिली. याला ‘राइट होल’ म्हणतात. ही विसंगती महिनोन्महिने लपून राहते आणि डिस्क बदलायच्या दिवशी चुकीचा डेटा रचते.

यावरचा उपाय म्हणजे कॅशला विजेचा आधार. जुन्या पद्धतीत कार्डाला लिथियम बॅटरी जोडलेली असते आणि ती कॅश साधारण ७२ तास जिवंत ठेवते. त्याआधी वीज परत आली तर डेटा डिस्कवर उतरतो. नव्या पद्धतीत सुपरकपॅसिटर असतो. वीज जाताच तो काही क्षण कार्डाला ऊर्जा पुरवतो, तेवढ्यात कॅशमधला डेटा फ्लॅश मेमरीत उतरवला जातो, आणि मग वीज आठवडाभर आली नाही तरी फिकीर नाही. पर्याय असेल तर डोळे मिटून दुसरी पद्धत घ्या. बॅटरी काही वर्षांत थकते, तिला अधूनमधून ‘लर्न सायकल’ (क्षमता तपासण्यासाठी उतरवून पुन्हा भरणं) करावी लागते, आणि त्या काळात अनेक कार्डं आपोआप राइट-थ्रूवर जातात. ‘दर काही महिन्यांनी एका रात्री सर्व्हर अचानक हळू होतो’ या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण निघतं.

यूपीएस आहे म्हणून हे नको, असा युक्तिवाद ऐकायला मिळेल. यूपीएस हवाच, पण सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळला, मदरबोर्ड बिघडला किंवा कुणी चुकीची केबल ओढली तर यूपीएसचा काही उपयोग नसतो.

कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘ऑलवेज राइट-बॅक’ किंवा ‘फोर्स राइट-बॅक’ असा पर्याय दिसेल. त्याचा अर्थ: बॅटरी मेली असली तरी राइट-बॅक चालू ठेव. त्याला हात लावू नका. तसंच हार्ड डिस्कच्या स्वतःच्या आतही छोटी कॅश असते आणि तिला कार्डाची बॅटरी वाचवत नाही. हार्ड डिस्कच्या अ‍ॅरेमध्ये ती बंद ठेवणं योग्य.

पायरी ६: कार्डांच्या नावांत न हरवता

बाजारात नावं खूप दिसतात, पण मुळात घराणी थोडी. एलएसआय ही जुनी कंपनी अ‍ॅव्हॅगोकडे आणि पुढे ब्रॉडकॉमकडे गेली. तिची मेगारेड ही मालिका. अडॅप्टेक आज मायक्रोचिपकडे आहे. डेलची पर्क कार्डं बऱ्याच काळापासून मुख्यतः मेगारेडच्याच घराण्यातली. एचपीईची स्मार्ट अ‍ॅरे ही स्वतंत्र ओळख असलेली मालिका. सर्व्हर ब्रँडेड असेल तर त्याच कंपनीचं कार्ड घ्या. दिवे, पंखे, आयड्रॅक किंवा आयएलओमधली (डेल आणि एचपीईच्या, दुरून सर्व्हर सांभाळायच्या सोयींमधली) सूचना यंत्रणा, फर्मवेअर, सगळं एकमेकांशी बोलतं. स्वस्त पडतं म्हणून दुसरं कार्ड घातलं की हा संवाद तुटतो, आणि वॉरंटीच्या वेळी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

नावातला आकडा वाचायला शिका. मेगारेड ९५६०-८आय मधल्या ‘८आय’ चा अर्थ आतल्या बाजूच्या आठ जोडण्या. ‘ई’ असेल तर बाहेरच्या पेटीसाठी. डिस्क ज्या पट्टीत बसतात त्या बॅकप्लेनवर एक्सपांडर (जोडण्या वाढवणारी चिप) असेल तर आठ जोडण्यांच्या कार्डालाही आठांहून जास्त डिस्क जोडता येतात. डेलच्या एच३५५ सारख्या कार्डावर कॅश नाही, एच७५५ वर ८ गिगाबाइट संरक्षित कॅश आहे. एचपीईच्या ई२०८आय वर कॅश नाही, पी४०८आय वर २ गिगाबाइट आहे. विनाकॅश कार्ड ऑपरेटिंग सिस्टीमच्या रेड १ ला पुरेसं असतं. फिरत्या डिस्कवर रेड ६ करणार असाल तर ते घेऊ नका.

निवड झाली की ऑपरेटिंग सिस्टीमच्या किंवा हायपरव्हायजरच्या कम्पॅटिबिलिटी यादीत ते कार्ड नेमक्या आवृत्तीसाठी आहे का ते बघा. जुनी कार्डं नव्या आवृत्तीतून गळतात, म्हणून हे सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर बघायलाच हवं.

पायरी ७: डिस्क

सॅस आणि साटा या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती. सॅस कंट्रोलरवर साटा डिस्क चालते, उलट चालत नाही. सॅस डिस्कला दोन पोर्ट असतात, चुका कळवण्याची भाषा समृद्ध असते आणि वेग १२ गिगाबिट, साटाचा ६ गिगाबिट. एका कंट्रोलरच्या साध्या सर्व्हरमध्ये चांगल्या एंटरप्राइझ साटा डिस्कही नीट काम देतात. पण ‘एंटरप्राइझ’ हा शब्द सोडू नका, कारण फरक फर्मवेअरमध्ये आहे. डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती मिनिट-दीड मिनिटही पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसू शकते. तिच्यापाशी दुसरी प्रत नसते, म्हणून तिच्या जागी ते बरोबरच आहे. रेड कार्ड मात्र तेवढं थांबत नाही. डिस्क मेली असं समजून तिला बाहेर काढतं, आणि धडधाकट डिस्कपायी रीबिल्ड सुरू होतं. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकतात आणि चूक कळवतात, मग कार्ड पॅरिटीतून तो तुकडा भरून काढतं.

दुसरी तपासणी एसएमआरची. या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, कौलांसारखे, त्यामुळे मधलं एक बदलायचं तर पुढची उचलावी लागतात. सतत चालणाऱ्या विखुरलेल्या लेखनात त्या कोलमडतात, आणि रीबिल्ड चालू असताना सर्व्हरवर लोकांचं कामही चालू असेल तर नेमकं तेच होतं. माहितीपत्रकात सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली डिस्क) असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्या.

एसएसडीमध्ये दोन गोष्टी. एक, वीज गेल्यावर आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्याच घ्या. घरगुती एसएसडीमध्ये ते सहसा नसतात. दोन, टिकाऊपणा. तो ‘डीडब्ल्यूपीडी’ मध्ये मोजतात: वॉरंटीच्या काळात रोज संपूर्ण ड्राइव्ह किती वेळा लिहिता येईल. ३.८४ टेराबाइटचा ड्राइव्ह, १ डीडब्ल्यूपीडी, पाच वर्षं म्हणजे सुमारे ७,००० टेराबाइट लेखन. बहुतेक कामांना एवढं भरपूर होतं. तुमचं रोजचं लेखन मोजा आणि मगच ३ डीडब्ल्यूपीडीचे जास्त पैसे द्या.

डिस्क एकाच बॅचच्या नसाव्यात, असं जुनेजाणते सांगतात. त्याचं महत्त्व पटवणारं एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल तातडीची सूचना काढली. फर्मवेअरमधल्या दोषामुळे ते ड्राइव्ह ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्यावर बंद पडणार होते, आणि आतला डेटाही परत मिळणार नव्हता. आता विचार करा: एकाच दिवशी चालू केलेले आठ ड्राइव्ह एका रेड ६ मध्ये असतील तर आठही जवळजवळ एकाच वेळी जातील. उपाय होता वेळेत फर्मवेअर बदलणं. म्हणून डिस्कच्या फर्मवेअर सूचनांसाठी उत्पादकाच्या ईमेल यादीत नाव नोंदवणं हा खरेदीचाच भाग समजा.

एनव्हीएमईबद्दल, म्हणजे मदरबोर्डच्या पीसीआयई या वेगवान मार्गावर थेट जोडलेल्या एसएसडीबद्दल, थोडक्यात. पीसीआयई चौथ्या पिढीचा एक एनव्हीएमई ड्राइव्ह चार लेनवर (त्या मार्गाच्या चार पदरांवर) सेकंदाला साधारण ८ गिगाबाइटपर्यंत जाऊ शकतो, आणि आठ लेनच्या रेड कार्डाचा स्वतःचा रस्ता १६ चा. दोन ड्राइव्हमध्येच तो भरतो. सॅस, साटा आणि एनव्हीएमई अशा तीनही प्रकारच्या ड्राइव्हना चालणारी ‘ट्राय-मोड’ कार्डं मिळतात आणि सोय म्हणून ती चांगली आहेत, पण अनेक एनव्हीएमई ड्राइव्हचा पूर्ण वेग हवा असेल तर सॉफ्टवेअर रेडकडे वळा.

पायरी ८: स्पेअर, हवा आणि दुसरं कार्ड

हॉट स्पेअर म्हणजे रिकामी बसलेली डिस्क, जी दुसरी जाताच आपोआप कामाला लागते. सर्व्हर जिथे ठेवलाय तिथे रात्री-सुट्टीला कुणी पोहोचू शकत नसेल तर ती हवीच. मात्र रेड ५ अधिक हॉट स्पेअर घेण्यापेक्षा तेवढ्याच डिस्कमध्ये रेड ६ करा. जी डिस्क नुसती वाट बघणार होती ती आधीपासून संरक्षण देईल.

रेड कार्डं तापतात. सर्व्हरच्या जोरदार पंख्यांची हवा गृहीत धरूनच त्यांचे हीटसिंक बनवलेले असतात. शांत टॉवर केसमध्ये असं कार्ड घातलं तर त्याच्यावर थेट पंखा लावा.

कार्डच जळालं तर? अ‍ॅरेची रचना डिस्कवरही लिहिलेली असते, त्यामुळे त्याच घराण्यातलं कार्ड लावलं की ते ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडलं असं विचारतं आणि ‘इम्पोर्ट’ केल्यावर अ‍ॅरे परत दिसतो. त्याच पडद्यावर ‘क्लिअर’ हा पर्यायही असतो. घाईत तो दाबू नका. दुसऱ्या कंपनीचं कार्ड ही रचना ओळखेल असं धरून चालू नका. म्हणून उत्पादकाचा तातडीचा सपोर्ट करार घ्या, नाहीतर तसंच एक कार्ड कपाटात ठेवा.

पायरी ९: उभारणी

सर्वांत आधी कार्ड, बॅकप्लेन आणि डिस्क यांचं फर्मवेअर अद्ययावत करा. डेटा आल्यावर हे धाडस वाढत जातं. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळी रेड १ ठेवा. डेलचं बॉस किंवा एचपीईचं एनएस२०४आय ही छोटी बूट कार्डं याच कामासाठी आहेत. स्ट्राइप साइज (डेटा डिस्कवर किती मोठ्या तुकड्यांत वाटायचा तो आकार) कार्डाने सुचवलेलीच राहू द्या, तिच्यावर रात्री जागवू नका. पूर्ण इनिशियलायझेशन करा. झटपट पर्यायाने वेळ वाचतो, पण पूर्ण पर्यायात प्रत्येक सेक्टर एकदा लिहिला जातो आणि नव्या डिस्कमधली खोट वॉरंटीतच कळते.

‘पॅट्रोल रीड’ चालू ठेवा, ते प्रत्येक डिस्कवरचे खराब सेक्टर आधीच शोधतं. ‘कन्सिस्टन्सी चेक’ महिन्यातून एकदा, कमी कामाच्या रात्री लावा, तो डेटा आणि पॅरिटी जुळतात का ते बघतो. पायरी ४ मधला दडलेला सेक्टर रीबिल्डच्या आधी सापडतो तो यांच्यामुळेच.

आणि सूचना. रेड ६ मधली एक डिस्क गेली तरी वापरणाऱ्यांना काहीच जाणवत नाही. दुसरी गेली तरीही नाही. तिसरी गेली की एकदम सगळं बंद होतं. पहिली डिस्क गेलेली कुणाला कळलीच नाही, हे अ‍ॅरे कायमचे जाण्यामागचं फार मोठं कारण आहे. कार्डाचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर बसवा, मग ते स्टोरसीएलआय असो, पर्कसीएलआय किंवा एसएसएसीएलआय. त्यातून किंवा आयड्रॅक-आयएलओमधून ईमेल जाईल असं करा, आणि तो ईमेल एका माणसाऐवजी गटाच्या पत्त्यावर पाठवा. माणसं नोकरी बदलतात. कॅशच्या बॅटरीची किंवा सुपरकपॅसिटरची सूचनाही त्यात हवी. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स बऱ्याच कार्डांच्या मागच्या डिस्कचं आरोग्यही वाचू शकतात.

पायरी १०: डेटा टाकण्याआधी रंगीत तालीम

सर्व्हर रिकामा आहे तोवर चाचणीचा डेटा भरा, त्यावर सतत लेखन चालू ठेवा आणि एक डिस्क ओढून काढा. अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’ (डिस्क कमी पडलेला) झाला का? ईमेल आला का, आणि किती वेळाने? कोणत्या खाचेचा दिवा लागला? सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा खाचेचा क्रमांक आणि पेटीवर छापलेला क्रमांक जुळतो का? काही पेट्यांमध्ये एक शून्यापासून मोजतो, दुसरा एकपासून, आणि प्रत्यक्ष वेळ आली की माणूस शेजारची धडधाकट डिस्क ओढतो. मग डिस्क परत घाला आणि रीबिल्डला लागलेला वेळ लिहून ठेवा. विजेची चाचणीही करा: लेखन चालू असताना दोन्ही पॉवर केबल काढा, पाच मिनिटांनी लावा आणि कार्डाच्या नोंदीत कॅशमधला डेटा परत उतरल्याची ओळ आहे का ते बघा.

हे झालं की प्रत्येक खाचेसमोर तिथल्या डिस्कचा सीरियल नंबर लिहिलेला कागद छापा आणि सर्व्हरच्या झाकणाच्या आत चिकटवा. कार्डाचं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या मशीनवर ठेवा. डिस्क बदलायला येणाऱ्याने सॉफ्टवेअरमधला सीरियल नंबर, कागदावरचा आणि डिस्कवरचा असे तीनही जुळवल्याशिवाय खाचेला हात लावायचा नाही, हेही त्याच कागदावर सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहा.